डागाळलेली सुरी : झिलई करून विकावी की आहे तशीच?

जुना माल हाती आला की तो आधी चकचकीत करायचा आणि मग दुकानात मांडायचा, ही आपल्याकडील व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तांब्या-पितळेची भांडी, कुलपे, अडकित्ते, विळ्या यांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा योग्यही असते. परंतु नामांकित कारागिराने हाताने घडवलेली, गिऱ्हाईकाने ऑर्डर देऊन खास बनवून घेतलेली सुरी हाती आली, तर हीच सवय नुकसान करते. दोन तासांच्या पॉलिशने सुरीची निम्मी किंमत उतरू शकते आणि गेलेली किंमत परत आणता येत नाही. उलट, एखाद्या साध्या सुरीवर जुजबी मेहनत केली तर तिची किंमत दुप्पट होते. कोणत्या सुरीला हात लावावा आणि कोणत्या सुरीला लावू नये, हे कसे ठरवावे, याचा विचार या पाठात करू.

महाराष्ट्रातील मुस्लिम बांधवांना हा विषय परका नाही. आपल्याकडील शिकलगार समाजाचे नावच या धंद्यावरून पडले आहे. अरबी ‘सैकल’ म्हणजे झिलई आणि सैकलगर म्हणजे हत्याराला झिलई व धार देणारा. तलवारीचे दिवस सरले तरी सुऱ्या, कात्र्या, विळ्या यांना धार लावण्याचे काम या घराण्यांनी सोडले नाही. शिवाय जुन्या बाजारात माल घेणारे, कसाईकामाची हत्यारे विकणारे, मुठींसाठी शिंग व लाकूड कोरणारे अनेक बांधव आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती एखादी मोलाची सुरी केव्हाही येऊ शकते.

ऑर्डरची सुरी म्हणजे काय?

कारखान्यात एका साच्यातून हजारो सुऱ्या निघतात. ऑर्डरची सुरी तशी नसते. एकच कारागीर पोलाद निवडतो, पाते घडवतो किंवा घासून काढतो, त्याला पाणी देतो, मूठ बसवतो, म्यान शिवतो आणि पात्यावर आपली खूण ठोकतो. अशा सुऱ्यांचा सर्वात संघटित बाजार अमेरिकेत आहे. फ्लोरिडातील ऑरलँडो येथे बो रँडल यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुऱ्या बनवायला सुरुवात केली. मिशिगनमधील विल्यम स्केगल या कारागिराची एक सुरी पाहून त्यांना ही प्रेरणा झाली होती. पुढे कॅलिफोर्नियात बॉब लव्हलेस यांनी शिकारीच्या सुरीला जो आकार दिला, त्याची नक्कल जगभर झाली. १९७० मध्ये तेथील कारागिरांची गिल्ड स्थापन झाली. १९७३ मध्ये बिल मोरान यांनी थरांच्या पोलादाच्या, म्हणजे दमास्कस नक्षीच्या सुऱ्या गिल्डच्या प्रदर्शनात मांडल्या आणि ती जवळजवळ विसरली गेलेली कला अमेरिकेत पुन्हा सुरू झाली. १९७६ मध्ये लोहारकामाने सुऱ्या घडवणाऱ्यांची वेगळी संस्था उभी राहिली.

या बाजारात सुरीची किंमत पोलादाच्या वजनावर ठरत नाही. कारागीर कोण, सुरी कोणत्या काळातील, तिचे म्यान व कागद सोबत आहेत काय आणि कारागिराच्या हातून ती जशी निघाली तशीच आहे काय, या चार गोष्टींवर ठरते. यातील चौथी गोष्ट आपल्या विषयाचे मूळ आहे. संग्रह करणारा गिऱ्हाईक लोखंडाबरोबर कारागिराच्या हाताला पैसे मोजतो. दुसऱ्याने पाते घासले की त्या हाताची निशाणी पुसली जाते. मग सुरी कितीही चकाकली तरी ती अर्धी दुसऱ्याची होते.

जपानमध्ये हा विचार फार काटेकोरपणे पाळला जातो. जुन्या तलवारीला झिलई देण्याचे काम अनेक वर्षे शिक्षण घेतलेला कारागीरच करतो. कारण प्रत्येक झिलईबरोबर थोडे पोलाद कायमचे जाते आणि फार वेळा घासलेली तलवार थकलेली मानली जाते. मुठीच्या आत जाणाऱ्या भागावरील गंज तर मुद्दाम तसाच ठेवतात. त्या गंजाच्या रंगावरून तलवारीचे वय कळते आणि कारागिराची सहीही तेथेच असते. तो भाग कोणी हौसेने घासला तर तलवारीचा दाखलाच नष्ट होतो.

दोष कोणता, हे आधी ओळखा

‘सुरी खराब आहे’ एवढ्याने निर्णय होत नाही. उजेडात भिंगाखाली सुरी नीट पाहून दोष चारपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे ठरवावे.

पहिला प्रकार वाढत जाणारा दोष. लाल किंवा नारिंगी गंज हा भुसभुशीत असतो, हवेतील ओल धरून ठेवतो आणि खालचे पोलाद खात राहतो. कोकण किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तर तो आठवड्याभरात पसरतो. पितळी पट्टीवरील हिरवा चिकट थर, मुठीत नुकतीच पडलेली आणि वाढणारी चीर हेही याच प्रकारात येतात. हा दोष थांबवणे आवश्यक आहे. थांबवणे म्हणजे नवे करणे नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रकार स्थिरावलेली खूण. साध्या पोलादाच्या पात्यावर वापराने करडा, निळसर किंवा काळसर रंग चढतो. तो गंज नव्हे. तो पात्यावर घट्ट बसतो आणि काही प्रमाणात त्याचे रक्षणही करतो. जुन्या सुरीवर हा रंग असणे ही तिच्या वयाची साक्ष आहे. तो काढू नये.

तिसरा प्रकार वापराची इजा. धारेला पडलेले दाते, मोडलेले टोक, आडव्या रेघा, गंजाने पडलेले बारीक खड्डे. हे आपोआप वाढत नाहीत, पण दिसतात. खरा निर्णय याच प्रकारात घ्यावा लागतो.

चौथा प्रकार आधीच्या मालकाने केलेली दुरुस्ती. यंत्राच्या चाकावर घासून गोल झालेल्या कडा, पुसट झालेली कारागिराची खूण, मागाहून बसवलेली मूठ, वेगळ्या धातूचे रिव्हेट. हा दोष बहुधा दुरुस्त होत नाही. तो शोधून काढणे आणि किमतीत धरणे एवढेच आपल्या हाती असते. म्हणून सुरी विकत घेतानाच मुठीचे सांधे, खुणेची खोली आणि पात्याच्या दोन्ही बाजूंची समानता पाहावी.

खड्ड्यांबद्दल एक गोष्ट विशेष समजून घ्यावी. खड्डा भरता येत नाही. त्याच्या तळापर्यंत भोवतालचे सारे पोलाद उतरवावे लागते. दोन्ही बाजूंना ०.३ मिलिमीटर खोल खड्डे असतील, तर पाते ०.६ मिलिमीटरने पातळ होईल. अडीच मिलिमीटरच्या पात्याचा हा जवळजवळ पाव हिस्सा झाला. त्याबरोबर कारागिराची ठोकलेली खूण उथळ होते, कडांची रेषा सरकते आणि पाते मुठीपुढील पट्टीजवळ सैल दिसू लागते. खड्डे गेले, पण सुरीही गेली, असे होते.

गिऱ्हाईक कोण?

तीच सुरी तीन प्रकारचे लोक घेतात आणि तिघांची मागणी वेगळी असते. वापरणाऱ्याला, म्हणजे खाटीक, आचारी किंवा गृहिणीला, धार हवी, मूठ घट्ट हवी आणि गंज नको. पात्यावरील रेघांशी त्याला देणे-घेणे नाही. भेट देण्यासाठी घेणाऱ्याला चकाकी हवी. संग्राहकाला मात्र ती जशी आहे तशीच हवी. कारण दुरुस्ती करायची किंवा नाही, आणि केली तर कोणाकडून, हे त्याला स्वतः ठरवायचे असते. त्याच्यासाठी आपण दुरुस्ती केली म्हणजे त्याचा निर्णय आपण त्याला न विचारता घेतला.

म्हणून पहिला नियम असा की, खूण असलेली, कारागीर ओळखता येणारी सुरी संग्राहकासाठी समजावी आणि तिला हात लावू नये. खूण नसलेली, साध्या घडणीची सुरी वापरणाऱ्यासाठी समजावी आणि तिच्यावर मेहनत करावी. शंका असेल तेव्हा थांबावे. थांबलेली दुरुस्ती पुढे केव्हाही करता येते, केलेली दुरुस्ती मागे घेता येत नाही.

हिशेब कसा मांडावा?

आता आकडे घेऊ. हे आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी आहेत. बाजारभाव ज्याने त्याने आपल्या ठिकाणचा पाहावा.

उदाहरण पहिले. खूण नसलेली, हाताने घडवलेली स्वयंपाकघरातील सुरी ७०० रुपयांना घेतली. आहे तशी विकली तर ९०० रुपये येतात. गंज काढून, धार लावून, मुठीला तेल देऊन विकली तर १,६०० रुपये येतात आणि खर्च २५० रुपये होतो. १,६०० मधून २५० वजा जाता १,३५० राहतात. आहे तशी विकण्यापेक्षा ४५० रुपये जास्त मिळतात. येथे दुरुस्ती करावी.

उदाहरण दुसरे. नामांकित आणि हयात कारागिराची सुरी १२,००० रुपयांना मिळाली. पात्यावर रेघा आणि थोडे खड्डे आहेत. आहे तशी १६,००० रुपयांना जाते. कारागिराकडे पाठवली तर त्याची मजुरी ३,००० आणि जाण्या-येण्याचा विमा व टपाल ८०० रुपये, असे ३,८०० रुपये लागतात आणि तीन महिने जातात. दुरुस्त झालेली सुरी, दुरुस्ती झाली हे सांगून, १९,००० रुपयांना जाते. ३,८०० वजा जाता १५,२०० रुपये उरतात. म्हणजे तीन महिने पैसे अडकवून ८०० रुपये गमावले. येथे दुरुस्ती करू नये.

याच उदाहरणात अनेक जण फसतात. मुळात कधीच न वापरलेल्या, निर्दोष सुरीचा भाव २२,००० रुपये आहे असे समजा. विक्रेता मनाशी हिशेब मांडतो की, २२,००० मधून ३,८०० वजा केले तर १८,२०० राहतात, म्हणजे १६,००० पेक्षा २,२०० रुपयांचा नफा. पण २२,००० हा भाव हात न लागलेल्या सुरीचा आहे. आपली सुरी तशी नाही. हा भाव मिळायचा तर दुरुस्तीची गोष्ट गिऱ्हाईकापासून लपवावी लागेल. जो नफा केवळ गप्प राहण्यावर उभा आहे, तो दुरुस्तीचा नफा नव्हे, लपवण्याचा नफा आहे. म्हणून हिशेबात ‘दुरुस्तीनंतरचा भाव’ या रकान्यात नेहमी दुरुस्ती सांगून मिळणारा भावच लिहावा. हा एक आकडा बरोबर लिहिला की पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात.

उदाहरण तिसरे, जोखमीचे. दमास्कस नक्षीची सुरी आहे तशी ८,००० रुपयांना जाते. दुरुस्तीचा खर्च १,५०० रुपये आणि नंतरचा भाव ११,५०० रुपये. वरवर पाहता २,००० रुपयांचा फायदा दिसतो. पण समजा, अशा पाच सुऱ्यांपैकी एक बिघडते आणि ती ४,००० रुपयांना काढावी लागते. पाच सुऱ्यांचा हिशेब असा. चार सुऱ्यांचे ४६,००० आणि बिघडलेलीचे ४,००० मिळून ५०,००० रुपये. पाचांचा खर्च ७,५०० रुपये. राहिले ४२,५००, म्हणजे सुरीमागे ८,५०० रुपये. २,००० चा फायदा ५०० वर आला. ज्याच्याकडे अशा पन्नास सुऱ्या येतात त्याला हे ५०० रुपये कदाचित परवडतील. ज्याच्या हाती अशी एकच सुरी आली आहे, त्याच्या वाट्याला सरासरी येत नाही. त्याला एक तर ११,५०० मिळतील किंवा ४,०००. अशा वेळी ८,००० घेऊन मोकळे होणे शहाणपणाचे.

दुरुस्ती करायचीच तर कोणी?

पहिला हक्क मूळ कारागिराचा. तो हयात असेल आणि काम घेत असेल, तर त्याच्याच हातची दुरुस्ती संग्राहकही बहुधा मान्य करतो. अनेक कारागीर आपल्या सुऱ्यांची दुरुस्ती करून देतात. त्याच्याकडून काय काम केले याची चिठ्ठी घ्यावी आणि ती सुरीबरोबर ठेवावी. कारागीर हयात नसेल, तर त्या प्रकारच्या कामात तयार झालेला हात शोधावा. गल्लीतील धार लावणारा आपल्या कामात कितीही तरबेज असला, तरी दर्पणासारख्या पॉलिशची किंवा नक्षीच्या पोलादाची सुरी त्याच्या कोरड्या चाकावर देऊ नये.

याचे कारण शास्त्रीय आहे. पोलादाला पाणी दिल्यानंतर ते ठराविक उष्णतेवर नरम करून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. साध्या कार्बन पोलादाच्या सुरीसाठी ही उष्णता साधारण १५० ते २३० अंश सेल्सियस असते. कोरड्या चाकावर पातळ धार काही क्षणांत त्याहून तापते. धारेवर गवतासारखा पिवळा रंग दिसला तर ती २२० अंशांच्या आसपास गेली आणि निळा दिसला तर ३०० च्या आसपास. निळी पडलेली धार म्हणजे पात्याचे पाणी उतरले. नंतर रंग घासून काढता येतो, पण कडकपणा परत येत नाही. ती सुरी दिसायला सुंदर आणि कामाला निकामी होते.

नक्षीच्या पोलादाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. जुन्या फौलादी हत्यारांवरील लहरींना आपले बुजुर्ग ‘जौहर’ म्हणत. दख्खन हे अशा पोलादाचे माहेरघर होते. आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम येथून हे पोलाद घेण्यासाठी इराणी व्यापारी येत असत. जौहर असो की थरांचे नवे दमास्कस, नक्षी आम्लाने उठवलेली असते. बफावर धरली की ती पुसट होते. ती पुन्हा उठवता येते, परंतु त्यासाठी पाते पूर्ण स्वच्छ करून पातळ फेरिक क्लोराइडमध्ये मोजून वेळ ठेवावे लागते. हात तयार नसेल तर डाग पडतात. जुन्या हत्यारावर तर हा प्रयोग करूच नये.

स्वतः काय करावे आणि काय करू नये?

दुरुस्ती करायची नाही असे ठरले तरी सुरी तशीच गंजत ठेवावी असा त्याचा अर्थ नाही. जतन आणि नूतनीकरण यांत फरक आहे. जतनाची कामे कोणीही करू शकतो :

१) प्रथम सर्व बाजूंनी स्पष्ट फोटो काढावेत. हात लावण्यापूर्वीची स्थिती नोंदली गेली पाहिजे.

२) लाल गंजावर हलके यंत्र-तेल लावून एक दिवस ठेवावे. नंतर मऊ कापडाने किंवा लाकडाच्या चपट्या काडीने पुसावे. न निघाल्यास अगदी बारीक स्टील-वूल तेलात भिजवून फक्त त्या डागावर हळू फिरवावी. लाल रंग गेला आणि खाली काळसर पोलाद दिसले की थांबावे. मात्र दर्पणासारख्या पॉलिशवर स्टील-वूल वापरू नये. तिचे ओरखडे उठतात.

३) पितळेवरील हिरवा थर लाकडी काडीने काढून कोरड्या कापडाने पुसावा. पितळ चमकवण्याची पावडर वापरू नये. ती सांध्यात अडकून पांढरी दिसते आणि मूठ पूर्वी साफ केल्याची चुगली करते.

४) पाते चामड्याच्या म्यानात घालून साठवू नये. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि त्यात शिरलेली ओल यांमुळेच बहुतेक सुऱ्या गंजतात. म्यान वेगळे ठेवावे, पण हरवू नये. मूळ म्यान नसेल तर किंमत घटते.

५) पात्याला खनिज तेलाचा किंवा शुद्ध मेणाचा पातळ हात द्यावा. खोबरेल, शेंगदाण्याचे तेल लावू नये. ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरते.

६) चिंच, लिंबू, व्हिनेगर यांनी पाते धुऊ नये. भांड्यांना जे चालते ते येथे चालत नाही. आम्ल गंजाबरोबर चांगले पोलादही खाते आणि नक्षी बिघडवते.

७) सैल मुठीत गोंद ओतू नये. एकदा ओतलेला गोंद पुढील कारागिराला मूठ न तोडता काढता येत नाही.

दोष सांगणे : धर्म, बाजार आणि कायदा

सदोष माल विकण्यास इस्लामने मनाई केलेली नाही. मनाई आहे ती दोष लपवण्यास. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या एका ढिगाऱ्यात हात घालून पाहतात आणि आतील धान्य ओले लागते, हा प्रसंग बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. विक्रेत्याने पावसाने भिजल्याचे कारण सांगितले. त्यावर, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्याला विचारले गेले. धान्य विकू नको, असे त्याला सांगितले गेले नाही. सुरीच्या व्यवहारात या शिकवणुकीचा अर्थ अगदी सरळ आहे. डाग असलेली बाजू फोटोत आणि काउंटरवर वर ठेवावी. फिकहच्या ग्रंथांत ‘खियार-ए-ऐब’ या नावाने खरेदीदाराला दिलेला हक्कही हेच सांगतो. विक्रीपूर्वीचा न सांगितलेला दोष नंतर आढळला, तर खरेदीदार माल परत करू शकतो.

झिलईने झाकलेला दोष हा याच प्रकारात मोडतो. पात्यावरील चीर पॉलिशखाली दडवणे, मुठीतील फट रंगीत लाखेने भरणे, पुसट झालेली खूण पुन्हा कोरणे ही दुरुस्ती नाही. त्यातही खूण पुन्हा कोरणे ही तर नकली सही आहे.

देशाचा कायदाही याच दिशेने आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १५ नुसार वर्णन देऊन विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. १९८६ च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसलेला ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. म्हणून पावतीवर दोन ओळी जास्त लिहाव्यात. उदाहरणार्थ : ‘पात्याच्या उजव्या बाजूस टोकाजवळ तीन बारीक खड्डे. मूठ मूळची. धार आमच्या दुकानात हाताने लावली. इतर काम केलेले नाही.’ एवढ्या दोन ओळींनी पुढील भांडण टळते आणि संग्राहक तोच विक्रेता पुन्हा शोधत येतो.

काही कायदेशीर काळजी

शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी ही घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली नसेल, तर शस्त्र मानली जाते. कट्यार, खंजीर, गुप्ती यांबाबत अधिक सावधगिरी हवी. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली निघणाऱ्या मनाई आदेशांत सुऱ्या बाळगून फिरण्यासही बंदी असू शकते. म्हणून माल नेताना बांधून, पावतीसह न्यावा आणि गिऱ्हाईकाचे नाव-पत्ता नोंदवावा.

मूठ हस्तिदंताची असेल तर ती विकू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनंतर देशी किंवा आफ्रिकी, कोणत्याही हस्तिदंताचा व्यापार करता येत नाही. सांबराच्या शिंगाचा व्यापारही बंद आहे. तुटलेल्या मुठीच्या जागी नवी बसवायची तर म्हशीचे शिंग, शिसम किंवा अक्रोड वापरावे. उत्तर प्रदेशातील संभळजवळच्या सराय तरीन येथील कारागीर म्हशीच्या शिंगाचे उत्तम काम करतात. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते. १९७२ च्याच पुरावस्तू कायद्यानुसार तिच्या व्यापारासाठी परवाना लागतो आणि ती खासगी व्यापाऱ्याला परदेशी पाठवता येत नाही.

जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराने आणखी एक मुद्दा लक्षात घ्यावा. २०१७ च्या नियमांतील नियम ३२ (५) नुसार जुना माल आहे तसा, किंवा त्याचे स्वरूप न बदलणारी किरकोळ प्रक्रिया करून विकला आणि खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल, तर कर केवळ खरेदी-विक्रीतील फरकावर बसतो. धार लावणे, गंज पुसणे हे किरकोळ काम आहे. पाते नव्याने घडवणे किंवा पूर्ण बदलणे तसे म्हणता येणार नाही. मोठी दुरुस्ती करण्यापूर्वी आपल्या हिशेबनिसाला विचारून घ्यावे.

तात्पर्य

सुरी हाती आली की पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत आणि उत्तरे कागदावर लिहावीत :

१) कारागीर ओळखता येतो काय? येत असेल तर हात लावू नका, फक्त जतन करा.

२) दोष वाढणारा आहे की थांबलेला? वाढणारा असेल तर थांबवा.

३) दुरुस्तीत पोलाद, खूण किंवा मूळ मूठ जाते काय? जात असेल तर दुरुस्ती नको.

४) दुरुस्ती सांगून मिळणाऱ्या भावातून खर्च वजा केल्यावर आजच्या भावापेक्षा जास्त उरते काय?

५) काम बिघडले तर होणारा तोटा मला सोसवेल काय?

६) केलेले प्रत्येक काम मी पावतीवर लिहायला तयार आहे काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते काम करू नये. बाकी पाचही उत्तरे अनुकूल असली तरी करू नये.